मांडवीकाठचे हरिहर : ओतूरच्या श्री कपर्दिकेश्वर व बाबाजी चैतन्य महाराज देवस्थानाची वाटचाल

वारकऱ्यांच्या घरी सन २०२५ हे दुहेरी आनंदाचे वर्ष ठरले. ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माला साडेसातशे वर्षे झाली आणि तुकोबारायांच्या सदेह वैकुंठगमनाला पावणेचारशे. देहू-आळंदीला या वर्षाचा सोहळा झाला, तसाच तो जुन्नर तालुक्यातल्या ओतूरलाही आपला वाटला, कारण तुकोबांना ज्यांनी ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र दिला त्या बाबाजी चैतन्यांची समाधी इथे मांडवी नदीच्या काठी आहे. समाधीच्या शेजारी श्री कपर्दिकेश्वर महादेवाचे मंदिर आहे. महादेवाला बेल वाहायचा आणि त्याच पावली चैतन्य महाराजांच्या समाधीवर माथा टेकवायचा, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. शिवाचा भक्त कोण आणि विष्णूचा कोण, असे या आवारात कुणी कुणाला विचारत नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने देवस्थानाची वाटचाल मांडताना एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. हरी आणि हर यांची सांगड ओतूरने सोयीसाठी घातलेली नाही. तुकोबांची गुरुपरंपरा आदिनाथ शिवापासून सुरू होते आणि पांडुरंगाच्या नामापाशी येते. त्या परंपरेचा एक टप्पा ओतूर आहे. म्हणून या देवस्थानाचा इतिहास म्हणजे दोन देवळांच्या शेजाराची हकिगत नसून एकाच परंपरेची दोन स्थाने गावाने मिळून कशी सांभाळली, याची हकिगत आहे.

पूर्वपीठिका : दोन हजार वर्षांची भूमी

जुन्नरचा परिसर देवधर्माच्या बाबतीत फार जुना. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे आणि आरंभी देवतांना वंदन आहे. त्या वंदनात धर्म, इंद्र, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांच्याबरोबर संकर्षण आणि वासुदेव ही नावे येतात. म्हणजे आज आपण ज्याला कृष्ण-बलराम म्हणतो, त्यांचे स्मरण या तालुक्यातल्या दगडावर इसवी सनापूर्वीच कोरले गेले होते.

शिवाची स्थाने तर याच भूमीत नदीगणिक भेटतात. पूरला कुकडीच्या उगमाशी कुकडेश्वर, खिरेश्वरला नागेश्वर, पारुंड्याला ब्रह्मनाथ, आणि आंबेगाव-खेडच्या सह्यकड्यावर भीमेच्या उगमाशी भीमाशंकर. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांजवळ बारा शिवालये उभारली, असे परंपरा सांगते. डोंगराचे पाणी खाली उतरताना आधी महादेवाला भेटते, ही आपल्या भागातल्या शेतकऱ्याची श्रद्धा अशी घडली.

उत्तरेला हरिश्चंद्रगड. तिथे चांगदेवांनी शके १२३४ मध्ये, म्हणजे सन १३१२ साली ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ रचला. चांगदेव हे योगमार्गाचे, शिवाचे उपासक. त्यांनी मुक्ताबाईंना गुरू केले. पूर्वेला आळे गाव. माउलींनी पैठणला ज्याच्या मुखाने वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आळ्याला आहे, आणि तिथून दरवर्षी पालखी पंढरीला जाते. नाथपंथ आणि वारकरी पंथ यांची गाठ पडल्याच्या खुणा ओतूरच्या चहूबाजूंना अशा पसरल्या आहेत.

१५७० चे दशक : समाधी आणि स्थानाची प्रतिष्ठा

परंपरेनुसार राघव चैतन्य या परिसरात तपाला आले. त्यांच्याकडे विश्वनाथ नावाचे गृहस्थ शिष्य म्हणून गेले आणि दीक्षेनंतर केशव चैतन्य झाले. लोक त्यांना प्रेमाने बाबाजी म्हणत. शके १४९३, प्रजापती संवत्सरी, म्हणजे सन १५७१ मध्ये त्यांनी ओतूरला समाधी घेतली, असे परंपरा मानते. देवस्थानाचा काळ इथून मोजायचा.

समाधीसाठी जागा निवडली गेली ती महादेवाच्या सान्निध्यात. ही गोष्ट एकट्या ओतूरची नाही. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला ज्योतिर्लिंगाच्या गावी आहे. ज्ञानेश्वर माउलींची समाधी आळंदीला सिद्धेश्वराच्या आवारात आहे. सोपानदेव सासवडला कऱ्हेकाठी नागेश्वराजवळ विसावले. चैतन्य महाराज मांडवीकाठी कपर्दिकेश्वरापाशी. नामस्मरणाचा मार्ग दाखवणाऱ्या या सगळ्या संतांनी अखेरचा विसावा शंकराच्या सावलीत घेतला, यात त्यांच्या मनातला क्रम स्पष्ट दिसतो. मुखात हरी आणि मस्तकावर हर, हा तो क्रम.

त्या काळात देवस्थान म्हणजे आजच्यासारखी संस्था नव्हती. सकाळची पूजा, सांजेची दिवाबत्ती, नदीचे पाणी आणि गावाने दिलेला शिधा यांवर स्थान चालत होते. त्या अज्ञात पुजाऱ्यांची, गुरवांची आणि गावकऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. तरीही संस्थेचे पहिले कार्यकर्ते तेच, हे या स्मरणिकेने कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

१६३० ते १६५० : शिवनेरी, दुष्काळ आणि माघ शुद्ध दशमी

सतराव्या शतकातली ही दोन दशके आपल्या भागाने विसरू नयेत अशी. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. त्याच सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांचा व्यापार त्यात बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि भंडारा डोंगरावरची त्यांची साधना सुरू झाली.

या साधनेच्या वाटेवर तुकोबांना स्वप्नात गुरूंनी दर्शन दिले. गंगास्नानाला जाताना वाटेत भेट झाली, गुरूंनी मस्तकावर हात ठेवला, ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र दिला, राघव चैतन्य आणि केशव चैतन्य अशी परंपरेची खूण सांगितली आणि आपले नाव बाबाजी म्हणून सांगितले, हे सारे तुकोबांनी आपल्या अभंगात सांगून ठेवले आहे. तिथी दिली आहे माघ शुद्ध दशमी आणि वार गुरुवार. आज भंडारा डोंगरावर या तिथीला अनुग्रह दिनाचा सोहळा होतो आणि हजारो वारकरी जमतात.

बाबाजींची समाधी त्याआधीच झालेली होती. म्हणजे गुरूंनी देह ठेवल्यानंतर शिष्याला अनुग्रह दिला. नाथपंथात आणि संतपरंपरेत गुरू हा देहापुरता नसतो, ही जी श्रद्धा आहे तिचे याहून मोठे उदाहरण मराठी संतचरित्रात क्वचितच सापडेल. ओतूरच्या समाधीपुढे उभे राहणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या मनात हीच भावना असते की इथे जे आहेत ते आजही देणारे आहेत.

तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांनी ही गुरुपरंपरा क्रमाने सांगितली. आदिनाथ शिव, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सच्चिदानंद, विश्वंभर, राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी आणि मग तुकोबा. या यादीत केशव चैतन्य आणि बाबाजी ही नावे वेगळी येतात; ओतूरची परंपरा मात्र ती एकाच गुरूची मानते. ही यादी आपल्या देवस्थानाची खरी सनद आहे. कैलासीच्या शंकरापासून निघालेला उपदेश पंढरीच्या विठ्ठलाच्या नामापर्यंत कसा आला, ते तिच्यात दिसते आणि त्या वाटेवर आपले गाव कुठे उभे आहे, तेही दिसते.

१७६० ते १७९० : संतचरित्रांचा काळ

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात संतांच्या कथा ग्रंथरूपाने गावोगाव पोचल्या. ताहाराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तिविजय’ आणि १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृत’ पूर्ण केले. पोथी लावायची, चार घरची माणसे जमायची आणि तुकोबांच्या गुरूची कथा ऐकायची, असे वळण देवळा-देवळांत पडले. निरंजनबुवांनी चैतन्य परंपरेचा ओवीबद्ध ग्रंथ रचला. राघव चैतन्य आणि केशव चैतन्य यांच्याविषयी आज जे सांगितले जाते त्याचा मोठा भाग त्यातून आला आहे.

याच काळात मराठेशाहीने या पट्ट्यातल्या शिवस्थानांकडे लक्ष पुरवले. भीमाशंकरच्या मंदिराचे शिखर नाना फडणवीसांनी बांधवले. त्याआधीच, वसईच्या मोहिमेत मिळालेली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी तिथे अर्पण केली होती. पेशवाईतल्या त्या दिवसांत घाटमाथ्यावरची वाहतूक, जुन्नरची पेठ आणि खाली कोकणात उतरणारी माळशेजची वाट यांमुळे ओतूरला बाजारगावाचे रूप आले. बाजाराला आलेला माणूस देवाला जायचा आणि देवाला आलेला माणूस बाजार करून परतायचा. देवस्थान आणि बाजारपेठ यांचे हे नाते आजतागायत टिकून आहे.

१८६० ते १८९० : छापील नोंदी आणि नवे विचार

एकोणिसाव्या शतकात दोन छापील कामांनी ओतूरचे माहात्म्य दूरवर नेले. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली सरकारी मदतीने तुकोबांची गाथा १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. गुरुपरंपरेचे अभंग त्यामुळे छापून घरोघर गेले. पुढे १८८५ मध्ये मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला. त्यात ओतूरच्या नोंदीत दोन देवळांचा उल्लेख आहे. एक तुकारामांचे गुरू केशव चैतन्य यांचे आणि दुसरे कपर्दिकेश्वर महादेवाचे. परक्या राजवटीच्या अधिकाऱ्यालाही या गावाची ओळख सांगताना दोन्ही नावे एका दमात सांगावी लागली.

हाच काळ महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचा. १८७३ मध्ये स्थापन झालेला हा समाज जुन्नर तालुक्यात चांगला रुजला आणि त्यात ओतूरचे नाव अग्रभागी होते. देवापुढे सगळे सारखे आणि मध्यस्थावाचून देवाशी बोलता येते, ही तुकोबांची शिकवण आणि सत्यशोधकांचा आग्रह यांत अंतर फार नव्हते. त्या काळात गावात वाद झाले असतील, बाजू पडल्या असतील. पण मांडवीच्या काठावर यायला कुणी कुणाला अडवले नाही, हाच वारसा आपण पुढे नेत आहोत.

१९३० ते १९५० : पडद्यावरचे तुकोबा, पंढरीचा उपवास

१९३६ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. विष्णुपंत पागनीसांच्या रूपात तुकोबा खेड्यापाड्यांतल्या तंबूत दिसू लागले आणि या चित्रपटाचे पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात कौतुक झाले. त्यामुळे तुकोबांचे नाव साता समुद्रापार गेले.

या काळातली सर्वांत मोठी घटना मात्र पंढरपूरची. विठ्ठलाच्या मंदिराचे दार दलित बांधवांना खुले व्हावे, म्हणून साने गुरुजींनी १ मे ते १० मे १९४७ असा उपवास केला आणि पंढरीचे दार उघडले. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पंढरीत जे घडते त्याचा अर्थ वारकऱ्यांच्या प्रत्येक स्थानाला लागू होतो. संतांची समाधी ही साऱ्यांची, ही भावना या दशकाने पक्की केली.

१९५० ते १९७० : नियमाची घडी आणि शिक्षणाची जोड

मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० मध्ये आला. महाराष्ट्रातल्या देवस्थानांचा कारभार नोंदणी, हिशोब आणि विश्वस्त मंडळ यांच्या चौकटीत आला. आजवर विश्वासावर आणि तोंडी चाललेल्या गोष्टी कागदावर आल्या. दानपेटी, दागिने, जमीन, उत्सवाचा खर्च या सगळ्याचा ताळेबंद मांडायची सवय लागायला वेळ गेला, मतभेदही झाले. पण गावातल्या जाणत्या मंडळींनी समजुतीने घडी बसवली. कारभाराचा हा पाया ज्यांनी घातला त्या सर्व विश्वस्तांचे आणि हिशोबनिसांचे ऋण मोठे आहे. उत्सवाच्या गर्दीत ते दिसत नाहीत, पण उत्सव त्यांच्यामुळेच होतो.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. खेडोपाडी शाळांचे वारे आले. ओतूरच्या विद्यालयाला चैतन्य विद्यालय असे नाव मिळाले. महाराजांच्या नावाने मुले शिकू लागली, ही या गावाने गुरूंना वाहिलेली फार मोलाची दक्षिणा म्हटली पाहिजे. ज्ञान देणाऱ्या गुरूचे स्मारक शाळेइतके चांगले दुसऱ्या कशाने होणार?

१९७० ते २००० : पाणी, कांदा आणि वाढती यात्रा

१९७२ चा दुष्काळ जुन्या मंडळींच्या अजून स्मरणात आहे. त्यानंतरच्या काळात कुकडी प्रकल्पाची धरणे एकेक पुरी होत गेली. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरचे डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. ज्यांनी घर-शिवार सोडले त्यांच्या त्यागावर खालच्या गावांची शेती फुलली, याची जाण उत्सवाच्या दिवसांतही ठेवायला हवी.

पाणी आले आणि ओतूरचा शेतकरी बाजरीवरून कांदा, टोमॅटो, ऊस अशा पिकांकडे वळला. ओतूरचा कांदाबाजार नावारूपाला आला. कल्याण-नगर महामार्गावर वाहने वाढली आणि मुंबई-ठाण्यात नोकरीला गेलेल्या तालुक्यातल्या माणसांना श्रावणात गावी येणे सोपे झाले. यात्रेची गर्दी वाढली तसे दर्शनाच्या रांगा, पाणी, वाहनतळ, रात्रीचा उजेड, नदीकाठची स्वच्छता अशी कामे वाढत गेली. तरुण मंडळे, भजनी मंडळे, ग्रामपंचायत आणि पोलीस यांना जोडून काम करायची पद्धत याच तीन दशकांत रूढ झाली.

श्रावणी सोमवार : आपल्या स्थानाची ओळख

इथे थोडे थांबून त्या उत्सवाविषयी सविस्तर सांगायला हवे, ज्याच्यामुळे ओतूरचे नाव जिल्ह्याबाहेर घेतले जाते.

श्रावणातल्या सोमवारी कपर्दिकेश्वराच्या गाभाऱ्यात कोरड्या तांदळाच्या पिंडी साकारतात. पहिल्या सोमवारी एक, दुसऱ्या सोमवारी दोन, तिसऱ्या सोमवारी तीन, अशी त्यांची संख्या चढत जाते. सुट्टा, कोरडा तांदूळ मुठीत धरला तरी बोटांतून निसटतो. त्याच तांदळाला शाळुंकेसह शिवलिंगाचा आकार द्यायचा आणि दिवसभर हजारो माणसे समोरून जाईपर्यंत तो टिकवायचा, यासाठी हात फार स्थिर लागतो आणि मन त्याहून स्थिर. ही कला पुस्तकातून येत नाही. जाणत्या माणसाच्या शेजारी बसायचे, त्याचा हात पाहायचा, तांदूळ पुरवत राहायचे आणि काही वर्षांनी आपला हात लागायचा, अशीच ती पुढे आली आहे. पांढऱ्याशुभ्र पिंडीवर बेलाचे हिरवे पान आणि फुले चढली की पाहणारा क्षणभर रांग विसरतो.

तांदूळ हे आपल्या भागाचे धान्यही आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, सह्याद्रीच्या कुशीत, महादेव कोळी आणि ठाकर बांधव खाचरांत भात पिकवतात. श्रावणात तिथे आवणी उरकत आलेली असते, चिखलात रोपे तग धरत असतात. शेतातले पीक अजून हाती यायचे असते, तेव्हा मागच्या हंगामातला तांदूळ देवापुढे पिंडीच्या रूपाने उभा राहतो. अन्न हाच देव, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळे शिकवावे लागत नाही.

दर्शन झाले की पावले समाधीकडे वळतात. टाळ-मृदंग सुरू असतात. महादेवाच्या यात्रेत गजर होतो तो ‘राम कृष्ण हरी’चा. बाहेर खेळणी, मिठाई, शेव-भजी, बांगड्या यांची दुकाने लागतात. दुपारनंतर कुस्त्यांचा आखाडा भरतो. आधी लहान पोरांच्या जोड्या लागतात, मग नामांकित पैलवान उतरतात. मातीत उतरण्याआधी पैलवान माती कपाळाला लावतो आणि दंड थोपटतो, तसा हलगीचा ठेका वाढतो. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन जोड दाखवतात. नमस्कार, नामस्मरण आणि बलोपासना या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच आवारात घडतात.

२००० ते २०१० : चतुःशताब्दीचे दशक

तुकोबांचा जन्म १६०८ चा धरला जातो. त्याची चतुःशताब्दी २००८ मध्ये महाराष्ट्रभर साजरी झाली. गाथेची पारायणे, कीर्तने, चर्चासत्रे, नवी प्रकाशने यांनी ते वर्ष भरून गेले. गुरुस्थान म्हणून अभ्यासकांची आणि वारकऱ्यांची पावले ओतूरकडे वळणे स्वाभाविकच होते.

याच दशकात आपल्या तालुक्याला बिबट्याच्या प्रश्नाने ग्रासले. उसाच्या फडात बिबटे राहू लागले. रात्रीच्या कीर्तनाहून, जागराहून परतताना माणसे एकट्याने न जाता घोळक्याने, बॅटरी घेऊन, मोठ्याने नाम घेत घरी जाऊ लागली. संकटातही भजनाची वेळ चुकवायची नाही, हा निष्ठावंतपणा वारकऱ्यांनीच दाखवावा.

२०१० ते २०२० : दुःख आणि नवी ओळख

३० जुलै २०१४, बुधवार. श्रावण सुरू होऊन चारच दिवस झाले होते. पहिला सोमवार नुकताच पार पडला होता. आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर सकाळी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. जुन्नर-आंबेगाव हे दोन तालुके एका घरासारखे त्या दुःखात उभे राहिले. त्या वर्षीच्या श्रावणात इथे आलेल्या प्रत्येकाने देवापुढे हात जोडताना माळीणचे नाव घेतले असेल, यात शंका नाही. पावसाळ्यातल्या यात्रेला डोंगर, पाणी आणि माणूस यांच्या सुरक्षेचा विचार आधी हवा, हा धडा त्या घटनेने सगळ्याच देवस्थानांना दिला.

२०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री, ओझर यांच्या जोडीला ओतूरचेही नाव प्रवाशांच्या यादीत येऊ लागले. पर्यटक आला तर गावाला रोजगार मिळतो, त्याचे स्वागतच आहे. मात्र येणाऱ्याला इथली गुरुपरंपरा समजावून सांगणे हे आपले काम आहे.

२०२० पासून आजपर्यंत : बंद दार आणि पाच सोमवार

मार्च २०२० मध्ये करोनामुळे राज्यातली प्रार्थनास्थळे बंद झाली. नोव्हेंबरच्या पाडव्याला ती उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला पुन्हा उघडली. म्हणजे लागोपाठ दोन श्रावण भाविकांना देवाचे दार बंद होते. आत नित्यपूजा चालू राहिली. भाविकांनी घरीच महादेवाची पूजा केली, घरीच हरिपाठ म्हटला. पंढरीच्या वाटेवर पायी जाणारी पालखी त्या दोन्ही वर्षी एसटीने गेली. इतक्या पिढ्यांत न पाहिलेले हे दिवस होते आणि त्या दिवसांत ज्या पुजाऱ्यांनी नेम चालू ठेवला, त्यांना ही संस्था विसरणार नाही.

त्यानंतरचे श्रावण उत्साहाचे गेले. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, अधिक आणि निज मिळून आठ सोमवार झाले. २०२४ मध्ये श्रावण सोमवारीच सुरू झाला. पाच सोमवारांचा तो योग भाविकांना अपूर्वाईचा वाटला. मग आले २०२५, तुकोबांच्या त्रिशतकोत्तर अमृतमहोत्सवाचे आणि माउलींच्या साडेसातशेव्या जयंतीचे वर्ष.

आज इथे श्रावणाची यात्रा होते. कार्तिकात वैकुंठ चतुर्दशीला विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहण्याची महाराष्ट्राची जी रीत आहे, तिचा अर्थ इथल्या आवारात विशेष कळतो. एरवी विष्णूची ती तुळस आणि शंकराचा तो बेल. त्या एका रात्री त्यांची अदलाबदल होते. ओतूरच्या भक्ताच्या मनात ती अदलाबदल बारा महिने चालू असते.

कृतज्ञता आणि पुढचे काम

या वाटचालीत कुणा एकाचे नाव पुढे करणे योग्य होणार नाही. पूजेचा नेम सांभाळणारे पुजारी आणि गुरव, तांदळाची पिंड साकारणारे हात, विणेकरी, टाळकरी, मृदंगवादक, कीर्तनकार, आखाड्याची माती तयार करणारे वस्ताद, पंगतीत वाढणारे आणि पंगत उठल्यावर पत्रावळी उचलणारे कार्यकर्ते, पहाटे अंगण सारवून रांगोळी काढणाऱ्या माता-भगिनी, मुंबईहून वर्गणी पाठवणारे चाकरमानी, नाव न छापण्याच्या अटीवर देणगी देणारे दानशूर आणि आजवरचे सर्व विश्वस्त, या साऱ्यांची ही संस्था आहे. वेळोवेळी मतांतरे झाली, पण काम थांबले नाही.

पुढे करण्यासारखे पुष्कळ आहे. मांडवीचे पात्र स्वच्छ राहिले पाहिजे, निर्माल्य नदीत न जाता त्याचे खत झाले पाहिजे. पिंडीची कला येणारी माणसे मोजकी असतात, म्हणून दर श्रावणात काही तरुणांनी त्यांच्याशेजारी बसले पाहिजे. जुन्या पोथ्या, जमाखर्चाच्या वह्या, यात्रेची छायाचित्रे, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी हे सगळे जमवून जतन केले पाहिजे. शाळेतल्या प्रत्येक मुलाला आदिनाथापासून तुकोबांपर्यंतची गुरुपरंपरा तोंडपाठ असली पाहिजे, कारण ज्या शाळेत ती शिकतात तिला महाराजांचेच नाव आहे. पुढच्या श्रावणाच्या पहिल्या सोमवारी या कामांपैकी निदान एकाला हात घालण्याचा संकल्प प्रत्येक वाचकाने करावा, एवढीच या लेखाच्या शेवटी हात जोडून विनंती.

राम कृष्ण हरी. हर हर महादेव.